सव्वा महिन्याचे माहेर

३० जून २०१३. त्या दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका बालगृहातून सात मुली बाहेर पडल्या. आज त्यांतल्या पाच जिवंत आहेत, एक मेली आहे आणि एकीचे काय झाले ते कुणालाही माहीत नाही.

सातही जणींना अठरा वर्षे पूर्ण झाली होती. प्रत्येकीला पत्र्याची पेटी आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, अधीक्षिकेने वहीत सात सह्या घेतल्या आणि फाटक लागले. अठरा वर्षांचे माणूस स्वतःचे स्वतः पाहू शकते, असे कायदा मानतो. त्यात खोटे काही नाही. पण आपल्याकडे माणसाला नातेवाईक लागतात ते खरे तर त्यानंतरच: खोली भाड्याने घेताना, लग्न ठरताना, दवाखान्यात, बाळंतपणात. सात जणींत हे संघप्रियाला सगळ्यांत आधी उमगले, आणि तरीही उशिराच उमगले.

पाच वर्षांची असताना ती एका बसस्थानकावर सापडली होती. नाव तेवढे तिने स्वतः सांगितले होते. त्यावरून घर बौद्धांचे असावे, एवढेच अनुमान. आता ती तिशीची आहे. चंद्रपुरात तुकूमला एका खोलीत राहते आणि मोहर्लीच्या जंगल-सफारीच्या लॉजमधल्या चादरी जिथे धुतल्या जातात त्या लाँड्रीत इस्त्री करते.

महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकीने तिला फोन करायचा, असे फाटकातच ठरले होते. बोलायला काही नसले तरी चालेल. बालगृहात रोज संध्याकाळी हजेरी व्हायची, तशीच ही. एकीचा फोन पहिल्यापासून कधी आलाच नाही. २०१७ साली मयुरीचा फोन दोन महिने आला नाही. तिसऱ्या महिन्यात संघप्रिया गडचिरोलीकडच्या तिच्या सासरी जाऊन पोचली. मयुरीचे पहिले बाळंतपण घरीच झाले होते. संध्याकाळी रक्त सुरू झाले. गाडी बोलवावी की नाही यावर घरात उजाडेपर्यंत खल चालला. बाळही गेले. शेजारची एक म्हातारी संघप्रियाला म्हणाली, "तिच्याकडचं कोणी असतं त बोंबललं तरी असतं."

पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज संघप्रियाला ठाऊक होता. तो केवळ कौतुकाचा नाही, त्यात बाईच्या जिवाची राखण आहे, हे तिला त्या अंगणात कळले. परतल्यावर तिने उरलेल्या जणींना कळवले की आपल्यातली एकही पहिल्या खेपेला सासरी राहणार नाही, माहेर मी. शेजारच्या आशाबाईंकडून ती डिंकाचे लाडू शिकली, तेल लावायला शिकली, शेक द्यायला शिकली. पुढल्या काही वर्षांत दोघी आल्या. सव्वा महिना खोलीत रडणे, हसणे, हळदीचा वास. मग नवरे येऊन घेऊन गेले. पाळणा सोडल्यावर छताच्या कडीवर दोरीचे घासलेले दोन वळ राहिले. ती ते संध्याकाळी पाहत बसे. एका माणसाचा भात शिजवायला फार वेळ लागत नाही.

तिसरी करिश्मा. मोहर्लीत एका लॉजच्या स्वयंपाकघरात काम करताना जिप्सी चालवणाऱ्या प्रफुलशी तिचे जुळले होते. गेल्या जुलैत तिला सातवा महिना लागला. पावसाळ्यात जंगल बंद, लॉज रिकामे, लाँड्रीत काम थोडे. संघप्रियाने रजा काढली आणि चिमूरपुढच्या गावी, तिच्या सासरी, तिला आणायला गेली.

धानाची रोवणी चालू होती. करिश्माची सासू गिरजाबाई पोटरीपर्यंत चिखलाने माखलेली नुकतीच बांधावरून आली होती.

"कोण वो बाई?"

"मी करिश्माकडची. तिले न्यायले आली."

गिरजाबाईने सुनेकडे पाहिले. "तू त म्हणत होती, मले कोणी नाई!"

करिश्मा दाराशी उभी राहून नुसती हसली.

यावर संघप्रियाने पिशवीतून एक कागद काढला. आधीच्या दोघींना सासू-सासरे नव्हते. माहेरच्या माणसाने सासरच्या अंगणात कसे उभे राहायचे, हे तिने कधी पाहिले नव्हते. तिने पाहिले होते ते एवढेच की बालगृहातून कोणतीही मुलगी कागदाशिवाय कुणाच्या हाती देत नसत. म्हणून तिने सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत लिहून आणले होते. यापेक्षा मोठा भरवसा माणूस माणसाला काय देणार, असे तिला मनापासून वाटत होते.

प्रफुलने कागद मोठ्याने वाचला. "करिश्मा, गरोदर, सातवा महिना, हिला आज रोजी सुस्थितीत ताब्यात घेत आहे. बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने आई व बाळ यांना सुखरूप पोहोचते करीन." खाली नाव, पत्ता, फोन नंबर.

"सुस्थितीत?" गिरजाबाई कडाडली. "म्हणजे आमी का तिले मोडूनतोडून ठेवली? थाना हाये का हे?"

सासरे देवाजी खाटेवरून म्हणाले, "बैल घेतला त बाजारात पावती भेटते. सुनेची पावती पयल्यांदा पाहून राह्यलो बाप्पा."

"माहेरची माणसं कागद नाई देत, बाई," गिरजाबाई म्हणाली. "भांडतात. माह्या भावानं ह्याच अंगणात माह्या सासूले अशी आयकवली होती, का वर्षभर बोलली नाई ती कोणासंग. तवा कुठी मले पयल्या खेपेले पाठवलं. तू कागद दाखवून राह्यली!"

बालगृहात भांडणाऱ्या मुलीला रात्रीचे जेवण मिळत नसे. संघप्रियाचे जेवण कधीच चुकले नव्हते.

"अन् जायचं कायले?" गिरजाबाई पाय धुता धुता म्हणाली. "माहे मागचे तिन्ही इथीच झाले. ह्याच खोलीत."

तिने ओल्या हाताने ती खोली दाखवली. संघप्रियाने आत पाहिले. धानाची पोती, खाट, हातभर खिडकी. मयुरीचीही खोली अशीच होती.

"ह्या खोलीत नाई होनार!"

आवाज आपला आहे, हे तिला क्षणभर कळलेच नाही.

"आमची एक मेली अशाच खोलीत. रातभर रगत वाहत होतं अन् लोकं बसून इचार करत होते. तिच्याकडचं कोणी नव्हतं, म्हनून मेली. नका पाठवू तुमी हिले. पन नववा लागला का दवाखान्यात नेतो म्हना. मले जबान द्या. नाई त मी इथीच बसतो. हाकलून दाखवा मले!"

बांधावरच्या बाया थांबून पाहू लागल्या. संघप्रिया खरेच अंगणात बसली.

देवाजी हळूच म्हणाले, "आता आली खरी माहेरची."

गिरजाबाईने पदराला हात पुसले. "नेतो," ती म्हणाली. "जबान देतो. सैपाक बी मीच पाहीन, तिले चुलीपाशी बसवनार नाई. पन पोरगी इथीच राहीन. ऊठ आता, चहा घे. चिखलात बसली."

निघण्याआधी संघप्रियाने करिश्माला परसात गाठले. "तू सांग. तुले यायचं हाये का? तू म्हनशीन त अजून भांडतो मी."

करिश्मा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "ताई, हे बाई मले दिवसभर बोलते. उठली काऊन नाई, जेवली काऊन नाई. रोज." मग हळू आवाजात म्हणाली, "मले आवडते वो ते. मी राहू का इथी? रागावली का तू?"

"नाई," संघप्रिया म्हणाली. ते खरे होते, आणि पुरते खरे नव्हते. जे मिळावे म्हणून ती आठ वर्षे खपली, ते करिश्माला मिळाले होते. फक्त तिच्याकडून नव्हे.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारले, "माहेराहून येऊन राह्यली का?" संघप्रियाने मान हलवली. होकार की नकार, ते त्या बाईने आपले आपण ठरवले.

२९ सप्टेंबरला दुपारी गिरजाबाईचा फोन आला. देवाजींनी त्या कागदावरचा नंबर जपून ठेवला होता. चिमूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. रक्त बरेच गेले, पण एक बाटली चढवली आणि थांबले. गाडीवाला रस्त्यावरच्या चिखलातून यायला तयार नव्हता. "मी त्याले अशी आयकवली, अशी आयकवली!" गिरजाबाई सांगत होती. संघप्रिया इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून ऐकत होती. "हो जी," एवढेच ती म्हणत राहिली.

आता जंगल उघडले आहे, लॉज भरले आहेत, चादरींचे ढीग येतात. एक तारखेला करिश्माचा फोन येतो, पण बाळ रडते आणि तो लवकर ठेवावा लागतो. मागच्या वेळी संघप्रियाने विचारले, "येशीन का थोडे दिस?" पलीकडून उत्तर आले, "पाहू ना ताई, बाई काय म्हणते त."

बाळ दोन महिन्यांचे झाले आहे. करिश्माचे सव्वा महिन्याचे माहेर अजून द्यायचे राहिले आहे.