थांबला का कोन?

लाल पडलेला हात पंच्याला पुसत मामा पडद्यामागून बाहेर यायचे आणि आधी एवढंच विचारायचे, "थांबला का कोन?"

"नाही, मामा."

"आज नाय तं उद्या थांबंल."

मामा दातिवऱ्याचे, उभा जन्म होडीवर गेलेला. आवाज असा खणखणीत की आमच्या मॅडमनी त्यासाठीच त्यांना निवडलं. पालघरच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. अधिकारातल्या माणसाने सांगितल्यावर लोक कुठवर ऐकतात, याचा मॅडम अभ्यास करत होत्या. पडद्यामागे मामांनी बर्फाच्या बादलीत हात असल्यासारखं कण्हायचं, "पुरे" म्हणायचं. प्रयोगाला आलेल्या माणसाने पडद्याच्या अलीकडे बसून मॅडमच्या हुकमावरून "हात आतच ठेवा" म्हणत राहायचं. बादली अर्थात रिकामी, सगळं नाटक.

येणारी माणसं चांगली होती हो, तुमच्या-माझ्यासारखीच. सालवडहून कारखान्यातली पोरं यायची, घाम पुसत मॅडमकडे बघायची आणि म्हणायची, "चाचा, हाथ अंदर ही रखो."

एके दिवशी मामांचा भाचाच आला. पडद्यामागे कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. कण्हणं ऐकताच तो अर्धवट उठला. "मामा हाय का तो?"

"चालू ठेवा," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

तो खाली बसला. "हात आतच ठेवा," म्हणाला.

त्या दिवशी मामांनी काही विचारलं नाही. मी बादली उचलायला गेलो तर ही जड! आत खरा बर्फ, होडीवरच्या पेटीतला.

"खोटा वरडाया नाय येत मला," मामा ओशाळून म्हणाले. "बाईंनी काम दिलाय, तं नीट कराया नको?"

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. सगळ्यात आज्ञाधारक माणूस पडद्यामागेच निघाला होता. त्यांनी प्रयोग तिथेच बंद केला आणि भाच्याला सगळं समजावून सांगितलं. त्याची मान काही वर होईना. मला फार वाईट वाटलं. मामांनी तोच गार हात त्याच्या पाठीवर ठेवला. "बाईंनीच सांगितला ना तुला? जाऊ दे."

मामा गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला बोईसरच्या दवाखान्यात गेलो. सलाईनसाठी शीर सापडत नव्हती. डॉक्टर पुन्हा पुन्हा सुई टोचत होते, भाचा हात धरून उभा होता.

"पुरे," मामा पुटपुटले.

"हात घट्ट धरा," डॉक्टर म्हणाले.

भाच्याने हात सोडला. "थांबा, डॉक्टर. मामा 'पुरे' बोलतोय."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली. मामांनी डोळे उघडले, मला शोधलं आणि हसले.

"थांबला," म्हणाले.