शुक्रवारचे दोन तास

आमच्या घरमालक काकांइतका संशयी माणूस वेस्ट विंडसरमध्येच काय, अख्ख्या न्यू जर्सीत शोधून सापडायचा नाही. ‘एकावर एक फ्री’ दिसलं की ते आधी एक्सपायरी डेट बघतात. बर्फ पडणार अशी बातमी आली की त्यात फावडी विकणाऱ्यांचा हात आहे म्हणतात. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते आणि टीव्हीच्या इतिहासावर पीएचडी करते. टीव्ही बघायला अमेरिकेला गेलेली खानदानातली पहिली मुलगी, इति आमची आई. हे पहिल्या दिवशी ऐकल्यावर काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, “कुठल्या चॅनेलने पाठवलं तुला?”

कारण त्यांचा खरा दात चॅनेलवाल्यांवर. एके काळी इथे शुक्रवारी संध्याकाळी आठ ते दहा, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चार कौटुंबिक विनोदी मालिका ओळीने लागायच्या. सगळ्या घराने एका सोफ्यावर बसून हसावं, हा हेतू. आणि हेतू म्हटला की काकांच्या भुवया वर. “दोन चांगल्या मालिकांच्या मधे एक पडेल मालिका सरकवायचे लेकाचे! माणूस उठायचा कंटाळा करतो ना, म्हणून.” हे अगदी खरं आहे, आमच्या पुस्तकांतही आहे. पण तेव्हापासून काकांना जगभर तीच युक्ती दिसते. मंडळाच्या गणपतीत त्यांचं पेटीवादन मुलांचा डान्स आणि जेवण यांच्या मधे ठेवलं, तर सेक्रेटरीशी वर्षभर अबोला. काकूंनी एकदा पुरी आणि श्रीखंडाच्या मधे कारल्याची भाजी वाढली. “कळतं हो मला!” म्हणत काकांनी कारलं ताटाबाहेर काढलं. काकूंनी ते उचलून परत ताटात टाकलं.

एवढा संशय, तरी लेकीशेजारी बसून एक शुक्रवार चुकवला नाही म्हणे. “ती नववीत गेली आणि चॅनेलने सगळा गाशा गुंडाळला,” ते सांगायचे. “कटच होता तो!”

लेक आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला असते. रविवारी फोन, तोही दहा मिनिटं. गेल्या महिन्यात ती ऑफिसच्या कामासाठी इकडे येणार आणि शुक्रवारी घरी मुक्काम करणार असं कळलं, तशी काकांनी मला कामाला जुंपलं. त्याच चार मालिका, त्याच क्रमाने, बरोबर आठला. “ती बसेल ना गं?” हे मला तीनदा विचारून झालं. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

क्रम लावायला जुन्या नोंदी उघडल्या आणि माझी पंचाईत झाली. ती नववीत गेल्यावरही शुक्रवारच्या मालिका कितीतरी वर्षं सुखात चालू होत्या. मला कुठे गप्प बसवतंय! नेमकी लेक बॅग घेऊन दारात आली असताना मी अक्कल पाजळली, “काका, तुमचं वर्ष चुकतंय. चॅनेलने तेव्हा बंद नव्हतं केलं काही.”

“माहितेय,” काका टीव्हीकडे बघत म्हणाले. “आमच्याकडे बंद झालं. ती मैत्रिणींकडे जायला लागली.”

“बट बाबा,” लेक दारातूनच म्हणाली, “तू आधी वर जायला लागलास. न्यूज बघायला. आय थॉट तुला बोअर होतंय, म्हणून मी बाहेर जायचे.”

“तू कंटाळलीस असं वाटलं मला. म्हटलं, आपणच उठावं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू हातात झारा घेऊन नुसत्या उभ्या. लेकीने बूट काढले, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “आधी कुठली?” काकांना रिमोट सापडेना. तो हातातच होता. शेवटी तिने काढून घेतला आणि स्वतःच सुरू केलं.

मी खाली निघून आले. फार वाईट वाटलं हो. इतक्या लोकांवर संशय घेतला या माणसाने, आणि सगळ्यांत मोठा घेतला तो पोटच्या पोरीवर, तोही तोंडातून चकार शब्द न काढता.

सोफा माझ्या डोक्यावर येतो. वरचं कुणी उठलं की लाकूड करकरतं. दहाला चौथी मालिका संपली, टीव्ही बंद झाला. मी कान देऊन बसले होते. बराच वेळ काही करकरलं नाही.