वाघाची तरसं

दामू गुरुजींचा उजवा हात दारूच्या नशेत गाडीच्या चाकाखाली गेला, असं आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ते खोटं आहे. तो हात आम्ही काठ्यांनी मोडला, आणि पहिली काठी माझी होती. ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीही नाही.

गुरुजींना जाऊन आता महिना होत आला. मी शहाद्याला माझ्या सरकीच्या दुकानात बसलो होतो. गावाकडून पुतण्या आला आणि दारातूनच म्हणाला, "काका, दामू गुरुजी गयात." गोमाई नदीच्या काठी चिता पेटली तेव्हा माझ्या मागे कुणीतरी हळहळलं, "मानूस सोनासारखा व्हता, पन दारूनी खाई टाकं." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली...

आम्ही दोघं एका वर्गात शिकलो. तो मला नथू म्हणे, मी त्याला दाम्या. शिकून तो गावातल्याच शाळेवर मास्तर झाला, आणि मी मामांच्या हाताखाली गेलो. मामा म्हणजे गावचे पाटील. त्यांच्या केळीत नि उसात भिल्लांना वेठीनं राबवायचं, आणि जो येणार नाही त्याला खोपटातून ओढून आणायचं, हे आम्हा चार-पाच जणांचं काम. एकदा एका म्हाताऱ्याचा कान माझ्या काठीनं फाटला. मीच त्यावर हळद दाबली, पटका गुंडाळला, आणि त्याच हातानं त्याला पुन्हा उसाच्या पाटात ढकललं. रात्री जेवण नेहमीसारखंच गेलं. तेव्हा यात वावगं असं काही वाटतच नव्हतं. आम्ही सगळे तसेच होतो, आणि सगळे तसे आहेत हेच पुरे होतं.

दामू शाळेत पोरांना एक गोष्ट सांगायचा. धडा मराठीत, पण गोष्ट अहिराणीत. तोरणमाळच्या रानात एक वाघ असतो. वाघ स्वतः कधी काही करत नाही, गुहेत पडून असतो. त्याची तरसं रानभर फिरतात. हुकूम असा, की सकाळी सगळ्या जनावरांनी तरसासारखं ओरडायचं. सशानं, मोरानं, हरणानंसुद्धा. जो आपल्या आवाजात ओरडेल त्याचा कान तोडायचा. मोर केकाटला तर त्याची पिसं रक्तासकट उपटली. दामू हे सांगताना हातवारे करी, पोरं अंग चोरून बसत. गोष्टीतलं एक तरस चालताना डावा पाय जरासा बाहेर टाकायचं आणि दर चार पावलांनी थुंकायचं.

माझा डावा पाय बाहेर पडतो. आणि मी थुंकायचो.

मग गल्लीतून आम्ही काठ्या घेऊन निघालो की तरसं आली म्हणून पोरं ओट्यांवरून ओरडायला लागली, "तरसं ऊनात रे, तरसं ऊनात!" मामांचा धाकटा मुलगाही त्यात होता. त्याला मामांनी पायातल्या जोड्यानं तोंडावर मारलं, ओठ फुटला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मास्तरले जरा समजाडा." एवढंच. आवाजही चढवला नाही.

आमच्याकडे धुळवडीला तोंडाला राख नि वंगण फासून टोळ्या निघतात, रस्त्यावर माणूस अडवून फाग, म्हणजे सणाचे पैसे, मागतात. त्या दिवशी कुणी कुणाला 'तू कोण' विचारत नाही. तो रिवाजच आहे. मामांनी दिवस निवडला तो म्हणूनच. भर दुपारी, ब्राह्मणपुरीहून पायी येणाऱ्या दामूला आम्ही नदीच्या वाळूत गाठलं. तो हसला, खिशात हात घातला. "घ्या भो, फाग घ्या." एक जण म्हणाला, "फाग नको गुरुजी. आज तुन्ही गोष्ट आम्हीच पुरी करतस." आणि मी काठी घातली, खांद्यावर. तो गुडघ्यावर बसला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाला, "नथू, तू बी?"

दुसरी काठी मी मामांच्या सांगण्यावरून मारली नाही. त्यानं नाव घेतलं म्हणून मारली. ते नाव पुन्हा त्याच्या तोंडून निघू नये म्हणून मारली. त्यानं डोक्यावर हात धरला होता, तो कोपराखाली मोडला. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला. मग बाकीचे तुटून पडले. दात वाळूत पडले. तो ओरडत नव्हता, याचाच आम्हाला जास्त राग आला. शेवटी एकानं मोहाच्या दारूची बाटली त्याच्या अंगावर ओतली, आणि आम्ही त्याला गाडीवाटेच्या चाकोरीत टाकून आलो. नदीवर तोंडं धुतली. मी पुष्कळ वेळ धूत होतो.

पाटलांचा अहवाल वर गेला, दारुड्या म्हणून दामूची नोकरी गेली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर पुढची काठी त्याच्या बायकोच्या, द्वारकावहिनींच्या पाठीवर पडणार, असा निरोप मामांनी पाठवला होता. तो निरोप पोचवायलाही मीच गेलो होतो... वहिनींनी मला पाणी दिलं. दारूचं त्यांनीही खरं धरलं होतं. "भाऊ, तुम्हीच समजाडा ना त्यास्ले," असं त्या मला म्हणाल्या.

पुढे मी गाव सोडून शहाद्याला आलो. दामू डाव्या हातानं दोऱ्या वळून पोट भरत राहिला. गोष्ट मात्र त्यानं सोडली नाही. ओट्यावर पोरं जमतच. या दिवाळीनंतर मी गेलो तेव्हाही जमली होती. महायुद्ध सुरू झाल्यापासून रॉकेल मिळत नाही, म्हणून ऊन असतानाच त्यानं गोष्ट सुरू केली होती. मी कडेला बसलो. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, त्या थुंकनारा तरसनं नाव काय?"

"त्याले नाव नही शे, बेटा. नाव ऱ्हातं तर तो तरस कसाले व्हता?"

"मंग त्यानं पुढे काय व्हयनं?"

दामूनं वळता वळता दोरी थांबवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "ते मले म्हाईत नही," म्हणाला. "त्यानी आजून सांगं नही."

पोरं गेल्यावर आम्ही चहा प्यायलो. कपाशीचा भाव, त्याचा खोकला, असलं बोललो. तो वाट पाहत होता, हे मला कळत होतं. तरी मी टोपी घालून उठलो. "येतो रे," म्हटलं. तो म्हणाला, "ये." तीच शेवटची भेट.

इथे लिहिलं म्हणजे सुटलो असं मी धरत नाही. आमच्या गावात वर्तमानपत्राची ही पुरवणी येत नाही, आणि द्वारकावहिनींना वाचता येत नाही. मामा अजून आहेत. रोज सकाळी पारावर बसतात. त्या पारापाशी, मामांच्या देखत, द्वारकावहिनींना मला तोंडानं सांगायचं आहे की तुमच्या नवऱ्यानं त्या दिवशी दारूचा थेंबही घेतला नव्हता, आणि त्याचा हात मी मोडला. ते मी अजून सांगितलेलं नाही.