शिडी चढायला लागणारं दूध

"मॅडम, वजन उतरलंय. पण शिडी चढता येत नाही," प्रणाली म्हणाली.

काट्यावरचा आकडा बघून आमच्या रिसेप्शनिस्टने नुकतंच तिचं अभिनंदन केलं होतं. ती माझ्या समोर बसली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

"कुठली शिडी?" मी विचारलं.

"फायर ब्रिगेडची."

प्रणाली कांबळे राहायला मानखुर्दला. नोकरी अग्निशमन दलात, तीही गाडीवर. घंटा वाजली की हेल्मेट घालून निघणाऱ्यांपैकी. बाळंतपणानंतर तिचं वजन वाढलं आणि तिला कंट्रोल रूममध्ये बसवलं, फोन घ्यायला. मूल आता चालायला लागलं होतं, सासू सांभाळत होती, आणि प्रणालीला परत गाडीवर जायचं होतं. त्यासाठी फिटनेस टेस्ट होती. पाण्याचा जाड होज पाइप खांद्यावर टाकून धावायचं, शिडीने वर जायचं, माणसाच्या वजनाची डमी पाठीवर घेऊन खाली यायचं. प्रॅक्टिसला ती शिडीच्या मध्यावर अडकली. हातांत वर ओढून घ्यायची ताकदच उरली नाही. खाली सगळे बघत उभे.

"जाडी होते तेव्हा पण असं कधी झालं नव्हतं," ती म्हणाली. "एक जण बोलला, तू फोनच घे. बरा आवाज आहे तुझा."

मी आहारतज्ज्ञ, म्हणजे डाएटिशियन. तेव्हा घाटकोपरला एका वेट लॉस क्लिनिकमध्ये नोकरी करत होते. क्लिनिक देसाई सरांचं. तिथे दोन प्रकारचे क्लायंट यायचे. काही माझ्याकडे बसून प्लॅन करून घ्यायचे. बाकीचे काउंटरवरून पॅकेज घ्यायचे. प्रणालीने घेतलेल्या पॅकेजचं नाव 'डेअरी फ्री'. प्लॅन छापील, सगळ्यांना एकच, आणि सोबत बदामाच्या दुधाच्या बाटल्या. मला कोणाशी तरी बोलायचंय म्हणून ती काउंटरवर अडून बसली, तेव्हा तिला माझ्याकडे पाठवलं.

मी तिचा रिकॉल घेतला. रिकॉल म्हणजे काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते विचारायचं. लोक जेवण सांगतात, चहा विसरतात. प्रणाली काही विसरली नाही. सकाळी बदामाचं दूध. दुपारी एक चपाती आणि दुधीची भाजी. संध्याकाळी परत बदामाचं दूध. रात्री सूप.

"अंडी?"

"प्लॅनमध्ये नाहीत."

"मासे, चिकन?"

"हेवी होतं म्हणाले."

"डाळ?"

"आठवड्यातून दोनदा."

तिला आमच्या मशीनवर उभं केलं. हे मशीन साध्या काट्यासारखं नुसतं वजन दाखवत नाही. चरबी किती आणि स्नायू किती, याचा वेगवेगळा अंदाज देतं. प्रणालीची चरबी थोडी उतरली होती. स्नायू मात्र चांगलेच उतरले होते. शरीराला प्रोटीन मिळालं नाही की ते स्वतःचे स्नायू मोडून खातं. काट्याला ते कळत नाही. शिडीला कळतं.

मी तिला सांगितलं, "बदामाचं दूध वाईट नाही. पण ते नावाला दूध आहे. थोडे बदाम आणि भरपूर पाणी. ह्या बाटलीत वर साखर घातलेली. एका ग्लासात प्रोटीन मिळतं जेमतेम एक ग्रॅम. साध्या दुधाच्या ग्लासात सहा तरी असतं."

"पण दुधाने वजन वाढतं ना?"

हा प्रश्न मला रोज विचारतात, म्हणून इथे जरा नीट सांगते. दुधात वजन वाढवणारी मुख्य गोष्ट म्हणजे त्यातलं फॅट, म्हणजे मलई. फुल क्रीममध्ये सहा टक्के. टोन्डमध्ये तीन. डबल टोन्डमध्ये दीड. स्किम्डमध्ये जवळजवळ नाहीच. मलई काढली की कॅलरी उतरतात, फुल क्रीमवरून डबल टोन्डवर आलात तर जवळजवळ निम्म्यावर. पण प्रोटीन आणि कॅल्शियम मलईत नसतं, ते खालच्या दुधात असतं. ते तसंच राहतं. एवढंच गणित आहे. ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांनी बिनसाखरेचं सोयाचं घ्यावं, त्यात प्रोटीन असतं. आणि नुसतं दूध बदलून कोणी बारीक होत नाही. अख्ख्या दिवसाचं खाणं बघावं लागतं.

"मग स्किम्ड घेते. फॅटच नको," प्रणाली म्हणाली.

"चव चालेल?"

"नाही. पाण्यासारखं लागतं."

"मग चार दिवसांनी सोडशील आणि पाचव्या दिवशी फरसाण खाशील. डबल टोन्ड घे."

सकाळी डबल टोन्डचा एक ग्लास, बिनसाखरेचा. दुपारी त्याच दुधाचं दही. रोज अंडी, रोज डाळ, आठवड्यात मासे. चपात्या वाढवल्या. व्यायामात वजन उचलायला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं खाऊन वजन वाढलं तर?"

"थोडं वाढेलही. तुला बारीक दिसायचंय की गाडीवर जायचंय?"

ती उठली. बाटल्यांची पिशवी तिने माझ्या टेबलाखाली ठेवली आणि म्हणाली, "ह्या मला नकोत."

दोन दिवसांनी देसाई सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर स्वतः डॉक्टर. हुशार माणूस, बोलायला गोड. मला तू म्हणायचे.

"वर्षा, त्या फायरवाल्या मुलीचं पॅकेज तू बंद केलंस?"

"बदललं. तिचे स्नायू उतरलेत, सर."

"वजन उतरलंय ना? ती आपली सक्सेस स्टोरी आहे. तिचा फोटो मला पुढच्या रविवारी मुलुंडच्या कॅम्पला हवाय. आधी आणि नंतर."

"तिला विचारावं लागेल."

"मग विचार."

मी विचारलं. फोनवर प्रणाली म्हणाली, "लावा ना फोटो. खाली लिहा, हिला शिडी चढता येत नाही."

मी तेच शब्द सरांना जाऊन सांगितले. ते हसले नाहीत.

"हे बघ," ते म्हणाले, "लोक आपल्याकडे का येतात? घरात जे आहे ते सोडून काहीतरी नवीन मिळेल म्हणून. त्यांना तू सांगणार, दुधाची पिशवी बदला. त्यांना वाटेल, हे तर माझी आईपण सांगते."

"आई बरोबर सांगत असेल तर काय करायचं?"

"आईने दवाखाना उघडायचा." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मुलुंडला तूच बोलणार आहेस. स्लाइड तयार आहेत."

पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत होतं: 'दूध : वजनाचा छुपा शत्रू'. शेवटच्या स्लाइडवर आमची बदामाची बाटली.

"मी हे बोलणार नाही, सर."

"मग रविवारी आजारी पड. मी दुसरी कोणी बघतो."

हे मला जास्त लागलं. खोटं बोलच म्हणून अडून बसले असते तर भांडून मोकळी झाले असते. गप्प बस म्हणत होते. मी घरी आले आणि आईला सांगितलं. आई मालवणची, बाबा गिरणीत होते तेव्हापासून इथे, पण रागात तिची भाषा मालवणीच होते. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "खोटां बोलान खाल्लेलां अंगाक लागणा नाय." आणि मला ताट घ्यायला सांगितलं.

रविवारी मी आजारी नव्हते, म्हणून मुलुंडला गेले.

सोसायटीचा हॉल भरला होता. बायका जास्त, मागे काही रिटायर्ड काका. सर पुढच्या रांगेत बसले होते. मला बघून त्यांना वाटलं असावं, ही नरमली. दुसरी कोणी त्यांना मिळालीही नव्हती. त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

मी स्लाइड लावल्याच नाहीत. विचारलं, "सकाळी चहात कुठलं दूध होतं?"

हात वर झाले. अर्ध्यांकडे पिशवी, अर्ध्यांकडे तबेल्याचं म्हशीचं. पुढे बसलेल्या एक पाटणकर काकू म्हणाल्या, "आमच्याकडे म्हशीचंच. पण मी तापवून फ्रिजमध्ये ठेवते आणि वरची मलई सगळी काढते. मग ते स्किम्डच झालं ना?"

"स्किम्ड नाही होत. पण बरंच फॅट निघतं. चांगली सवय आहे. त्या मलईचं काय करता?"

"तूप."

"ते तूप कोण खातं?"

मागून त्यांचे मिस्टर म्हणाले, "आम्हीच. चपातीला लावून."

हॉल हसला. काकूही हसल्या. मग लोक मोकळेपणाने विचारायला लागले. हळद घातली तर चालेल का? गाईचं चांगलं की म्हशीचं? रात्री प्यावं की सकाळी? मी सांगत गेले. वजन उतरवायचं असेल तर टोन्ड किंवा डबल टोन्ड. साखर नको. दूध कमी वाईट आणि त्याच्याबरोबरची खारी जास्त वाईट. लहान मुलांचं दूध आपल्या डाएटपायी पातळ करू नका. पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी दूध-दही सोडू नये, हाडं मागाहून बोलतात.

शेवटी एका तरुण मुलीने टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. "आणि हे?"

सर माझ्याकडे बघत होते. पण हॉलभर लोक उत्तराची वाट बघत होते आणि उत्तर मला माहीत होतं.

"चवीला छान आहे," मी म्हटलं. "आवडत असेल तर कधीतरी प्या. पण ह्याच्यावर दुधाचं काम सोपवू नका. प्रोटीन नाहीच्या बरोबर आहे, आणि ह्यात साखर आहे."

सर उठले. दुसरा माइक घेऊन हसत म्हणाले, "हे वर्षा मॅडमचं वैयक्तिक मत आहे."

"मत नाही, सर. बाटलीच्या मागे छापलंय."

पाटणकर काकूंनी बाटली उचलली, चष्मा वर सारला, मागची बाजू वाचली आणि बाटली जागेवर ठेवली. त्यांच्यामागे रांगेतल्या सगळ्यांनी तेच केलं.

परत येताना सरांनी मला गाडीत बसवलं नाही. मी रिक्षा केली.

सोमवारी ते म्हणाले, "राजीनामा देऊन जा. चांगलं सर्टिफिकेट देतो."

"मी काय चुकीचं बोलले ते सांगा. चुकीचं असेल तर आत्ता देते."

"प्रश्न चूक-बरोबरचा नाही."

"मग राजीनामा नाही. काढायचं तर तुम्ही काढा. आणि कारण काय ते तुमच्या तोंडाने सांगा."

त्यांनी कारण सांगितलं नाही. माझे क्लायंट दुसऱ्यांना वाटून दिले आणि मला फोन फॉलोअपला बसवलं. दिवसभर लोकांना विचारायचं, पॅकेज रिन्यू करणार का? मी फोन लावायचे आणि विचारायचे, काल काय जेवलात? महिना संपता संपता त्यांनीच मला काढलं. कारण तेव्हाही दिलं नाही.

मला झोप लागली नाही, वगैरे काही झालं नाही. काळजी मात्र होती. आता मी एका लेडी डॉक्टरच्या दवाखान्यात संध्याकाळी बसते. छोटी केबिन आहे. मशीन नाही, साधा काटा आहे. काउंटरवर विकायला काही नाही. मुलुंडच्या हॉलमधले काही जण शोधत आले. पाटणकर काकूही आल्या. तूप त्यांनी बंद केलं नव्हतं, पण आता ते मोजून वाढतात.

प्रणाली क्लिनिक सोडून माझ्याकडे यायला लागली होती. पहिल्या टेस्टला ती शिडी चढली, पण डमी घेऊन उतरताना वेळ संपला. नापास. मला वाटलं, आता ही खचणार. ती दुसऱ्या दिवशी आली ती विचारत, "अंडी अजून वाढवू का?" ज्याने तिला फोनच घे म्हटलं होतं, त्यालाच तिने प्रॅक्टिसला डमी म्हणून पाठीवर घ्यायला सुरुवात केली. तो तयार कसा झाला, हे तिने मला सांगितलं नाही.

दुसऱ्या टेस्टच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"झालं, मॅडम. पुढच्या आठवड्यापासून गाडीवर."

मी सवयीने विचारलं, "वजन किती भरलं?"

"पॅकेजवर होते त्यापेक्षा थोडं जास्तच. लिहून घेतलं. कोणी काही बोललं नाही. डमी खाली आणली का, एवढंच बघितलं."

वजन उतरवायला कुठलं दूध चांगलं, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगते, मलई कमी, साखर अजिबात नाही, आणि जे तुम्ही रोज न कंटाळता प्याल ते. ज्याच्या टेबलावर बाटल्या मांडलेल्या असतील, त्याला मात्र हा प्रश्न विचारू नका. तो उत्तर देतो, पण ते तुमच्या प्रश्नाचं नसतं.