शेवरलेटच्या गादीचं कापड

पिंप्राळ्यातल्या रिक्षावाल्यांना सकीनाभाभीचं दुकान विचारलं, तर अजूनही ते एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हारुनभाईचं कुशनचं दुकान म्हटलं की लगेच हात करून दाखवतात. सकीनाला त्याचं काही वाटत नाही. दुकान हारुनचंच, असं तीही म्हणते. फक्त कात्री आता तिच्या हातात असते. ती तिच्या हातात कशी आली, ते सांगायचं म्हणजे चाळीसगावकडच्या त्या गाडीचं सांगावं लागतं.

सकीना नरडाण्याची, पिंजाऱ्याची लेक. वडील खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे आणि ही मराठी शाळेत जायची. सासरही पिंजाऱ्याचंच मिळालं. पण बाजारात फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजणाऱ्याला कुणी विचारेना. तेव्हा हारुन रिक्षाच्या गाद्या भरायला लागला, मग जीपच्या, मग मोटारींच्या. घरात कामाची वाटणी ठरून गेली होती. कापायचं त्याने, शिवायचं तिने. कुणी कुणाला बजावलं नव्हतं, पण इतक्या वर्षांत सकीनाने त्याच्या कात्रीला कधी हात लावला नव्हता. कात्री लावण्याआधी तो बिस्मिल्ला म्हणायचा. तेवढ्यापुरता सकीनाचा पाय मशीनवर थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.

यंदा ईद झाली आणि हारुनला लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आला तेव्हा डावा हात तेवढा शाबूत होता.

दुकानात त्या वेळी एकच काम पडून होतं. प्रेमराज पाटलांच्या वडिलांची जुनी अमेरिकन शेवरलेट. गाडी चाळीसगावकडे, त्यांच्या गावी गोठ्याशेजारी उभी होती. आजारपणाच्या आधी हारुन स्वतः जाऊन ती बघून आला होता आणि गाद्या सोडवून टेम्पोत घालून दुकानात घेऊन आला होता. सकीनाने गाडी पाहिलेली नव्हती. तिच्या वाट्याला आल्या त्या फक्त गाद्या. पुढची गादी बाकासारखी लांबच लांब, स्प्रिंगा गंजलेल्या, आतला कापूस काळा पडलेला.

आणि कापड. पाटलांनी गाडी घेतली तेव्हाच तिच्याबरोबर गादीचं जास्तीचं कापड आलं होतं, गर्द हिरवं, चंदेरी धाग्याचं, मखमलीसारखी लव असलेलं. पुढच्या गादीपुरतंच होतं ते, वर चार बोटंसुद्धा नाही. इतकी वर्षं पाटलांच्या घरी पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं. पेटीची एक बाजू ओलसर भिंतीला टेकलेली होती, त्यामुळे कापडाचं उजवं टोक विरून गेलं होतं. डावीकडचं अर्धं मात्र जसंच्या तसं होतं. तसं कापड आता कुठे मिळायचं नाही. नासलं की संपलं.

प्रेमराज दुकानात आला तो उभ्यानेच बोलायला लागला.

"वहिनी, हारुनभाऊंचं असं झालं, वाईट वाटतं. पण गाद्या मी घेऊन जातो. धुळ्याचा कारागीर रेक्झिन मारून देतो म्हणाला. कापडाचा नादच सोडून द्यायचा."

"अक्कांना चालेल का रेक्झिन?"

प्रेमराजने तोंड फिरवलं. त्याच्या आईला, भिकुबाईंना, तेच कापड हवं होतं. तसल्याच कापडाच्या गादीवर बसून त्या सासरी आल्या होत्या. रेक्झिन लावलंस तर मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनी लेकाला साफ सांगून टाकलं होतं.

"माय काय, काहीही बोलते. पण कापणार कोण? तुम्ही?"

गाद्या गेल्या असत्या तर दुकानाचं शटर पुन्हा वर गेलं नसतं, हे सकीनाला कळत होतं. कोपऱ्यात खुर्चीवर हारुन बसला होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "मी कापीन. शुक्रवारी अक्कांना घेऊन या. त्यांच्यासमोर कापते."

मध्ये दोन-तीन दिवस होते. सकीनाने स्प्रिंगा बांधल्या, नवा कापूस स्वतः पिंजून भरला. ते तिचं माहेरचं काम, त्यात तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मग कापड पसरलं आणि ती विचारात पडली. लव पुढच्या बाजूला झुकलेली हवी, हा हारुनचा नियम. नाहीतर बसणाऱ्याला कापड उलटं घासतं आणि रंगही काळपट दिसतो. पण लव पुढे घेतली की कापडाचं चांगलं टोक गादीच्या डाव्या अंगाला येत होतं आणि विरलेलं उजव्या. उजवीकडे तर ड्रायव्हर बसणार. दिवसातून दहा वेळा घासून चढणार, घासून उतरणार. विरलेलं कापड तिथे महिनाभरही टिकलं नसतं.

एकच वाट दिसत होती. कापड मधोमध कापायचं, दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करायची आणि मध्ये शिवण घालायची. लव पुढेच राहील, चांगलं कापड ड्रायव्हरकडे जाईल.

गादीवरचं जुनं कापड मात्र डावीकडेच जास्त झिजलं होतं, तिथल्या स्प्रिंगाही बसल्या होत्या. तिने प्रेमराजला फोन लावला. "भाऊ, तुमचे वडील, आबा, अंगाने कसे होते हो?"

"आबा? चांगले धिप्पाड होते. का?"

"काही नाही, सहज." ड्रायव्हरच्या शेजारी धिप्पाड मालक बसायचा, म्हणून डावी बाजू बसली. तिचं समाधान झालं.

हारुनचं मात्र झालं नाही. तिने खडूने मधोमध रेघ मारली आणि तो डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवायला लागला. घशातून घोगरा आवाज काढायला लागला. तिने खुर्ची गादीजवळ सरकवली, तर तो गादीच्या डाव्या अंगावर थापा मारू लागला. पुन्हा पुन्हा तिथेच.

"अहो, डावीकडे काय? तिथलं झालं बांधून."

तो मान हलवायचा आणि पुन्हा थाप. सकीनाला वाटलं, डावाच हात चालतो म्हणून तो डावीकडे पडतो. मग दुसरं वाटलं, ते जास्त लागलं. याला माझ्या हातात कात्री बघवत नाही. आयुष्यभर शिवलं ते चाललं, कापायला निघाले तर थापा मारतो.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी नासवणारच असं ठरवूनच बसलात तुम्ही."

हारुनने हात मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

शुक्रवारी मायलेक आले. भिकुबाई वाळक्या अंगाच्या, हिरव्या लुगड्यातल्या, काठी टेकत आल्या. पसरलेल्या कापडाच्या काठाला त्यांनी बोट लावलं.

"हाईच शे," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या.

"बघ माय, अजून वेळ आहे," प्रेमराज म्हणाला. "एकदा कात्री लागली की गेलं."

"तू गप ऱ्हाय."

सकीनाने कात्री उचलली. तिच्या हाताला ती फार जड लागली. हारुन खुर्चीत ताठ झाला होता, डावा हात पुन्हा बडवत होता. ती बघत नव्हती. ओठातल्या ओठात बिस्मिल्ला म्हणून तिने पुढच्या कडेपासून रेघेवर कात्री घातली. कापडाचा आवाज कोरडा आला. वीतभर कापलं गेलं.

भिकुबाईंचं लक्ष कात्रीवर नव्हतं. त्या गादीकडे बघत होत्या आणि पदराआड हसत होत्या.

"काय झालं, अक्का?"

"मना लगीननी याद उनी. वरात गावमा उनी, तं बठ्ठं गाव दखाले उनं. प्रेमराजना बाप गाडी हाके डावीकडथीन, मी उजवीकडे डोकावर पदर लिसन बठेल. लोके म्हनेत, पाटीलनी सून गाडी हाकस! घर येवापावत पोरे मांगे पळनात."

प्रेमराज हसला. "ती गोष्ट गावात अजून सांगतात. मुंबईच्या परदेशी साहेबाची गाडी ना, स्टेअरिंग डावीकडे."

सकीनाची कात्री जिथे होती तिथेच राहिली.

"डावीकडे?"

"हो. भाऊंनी सांगितलं नाही तुम्हाला?"

ती हळूच वळली. हारुन बडवायचा थांबला होता. त्याचा डावा हात गादीच्या डाव्या अंगाकडे उचललेला होता आणि तसाच हवेत होता.

"हे सांगत होतात?" ती म्हणाली. "ड्रायव्हर डावीकडे बसतो, हे?"

त्याने एकदाच मान डोलावली.

कापड कापायची गरजच नव्हती. जसं होतं तसं अखंड घातलं असतं तरी चांगलं टोक डावीकडे, ड्रायव्हरखाली आलं असतं. सकीनाने कात्री बाजूला ठेवली. ती खालीच बसली.

"आता?" प्रेमराज म्हणाला. "फाडलं ना शेवटी?"

सकीनाने कापड तसंच उचलून गादीवर ओढलं आणि पुढची कड खाली दुमडून बघितली. निम्म्याहून जास्त चीर गादीच्या फळीखाली गेली. उरलेली वर राहिली, चार बोटं, बरोबर मधोमध.

"मी रफू करीन, अक्का. नजरेला दिसणार नाही. हाताला लागेल, ते मी लपवत नाही."

भिकुबाईंनी लेकाकडे पाहिलं. "रेक्झिनथीन तं बरंच शे," त्या म्हणाल्या. "कर पोरी."

रफूला सकीनाने धागा त्याच कापडाच्या दुमडीतून ओढून काढला. दुपारची नमाज झाली की ती खिडकीपाशी बसायची आणि उजेड असेपर्यंत एकेक टाका घालायची. हारुनची खुर्ची तिने शेजारी घेतली होती. टाका ओढला की ती विचारायची, "ताण जास्त झाला का?" तो मान हलवायचा, हो की नाही. ती उसवायची, पुन्हा घालायची. आता ती एक एक गोष्ट नीट विचारत होती, त्याला हो किंवा नाही म्हणता येईल अशी.

गाद्या टेम्पोत चढवायच्या दिवशी तिने हारुनचा डावा हात धरून रफूवर ठेवला. त्याची बोटं त्या चिरेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. एका ठिकाणी थांबली, तिथे टाका थोडा उठला होता. त्याने नखाने तो दाबला आणि तिच्याकडे बघितलं. हसू चेहऱ्याच्या अर्ध्या भागावरच उमटलं.

"उसवू?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

मग त्याने डाव्या हाताने टेबलावरची कात्री उचलली आणि मुठीची बाजू तिच्याकडे करून पुढे धरली. दारात एक रिक्षावाला फाटलेली सीट घेऊन उभा होता.