शेवटच्या खांबावरचं व्होल्टेज

आमच्या खामगावात शेगाव रस्त्याला पत्र्याच्या तीन दुकानांची रांग होती. त्यातलं मधलं दुकान रहेमतुल्ला यांचं. गावात सगळे त्यांना रहेमतभाई म्हणत. जळालेल्या मोटरींची तार काढून नवी भरून देणं हा त्यांचा धंदा. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या, तेल गिरण्यांच्या, पिठाच्या चक्क्यांच्या आणि विहिरींवरच्या मोटरी त्यांच्याकडे येत.

हे काम ते अकोल्याला एका उस्तादांच्या हाताखाली शिकले आणि उस्तादांनी दाखवलं तसंच तीस वर्षं करत आले. जळालेली तार खाचांमध्ये घट्ट बसलेली असते, सहजी निघत नाही. म्हणून मोटरीचा लोखंडी गाभा जाळावर ठेवायचा, आतलं वार्निश जळून तार सैल झाली की पकडीने ओढून काढायची. मग तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे, वार्निश पाजायचं, उन्हात सुकवायचं. खाचांमध्ये घालायचा जाड कागद त्यांची बायको बानो घरी बसून कापून देई. रहेमतभाईंचे वेढे कधी चुकले नाहीत. त्यांनी भरलेली मोटर कुणी परत घेऊन आलं, तर ते आधी चहा मागवत आणि मग म्हणत, "बसा. पाहू काय झालं ते."

बीटी कपाशी आली त्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांचं काम फार वाढलं. पूर्वी कोरडवाहू कपाशी पावसावर सोडून दिलेली असे. आता बियाण्याची पाकिटं महागाची, खत महागाचं, म्हणून पाऊस गेला तरी ज्याच्याकडे विहीर आहे तो बोंडं भरेपर्यंत पाणी देऊ लागला. तेवढ्यात दिवाळीनंतर शहराबाहेरच्या जिनिंग सुरू होत. त्या सुरू झाल्या की आठ-दहा दिवसांत रहेमतभाईंच्या दुकानासमोर खेड्यांतल्या मोटरींची रांग लागे. हे दर वर्षीचं होतं. पावसानंतर थंडी येते तितक्या सहजपणे ते ती रांग धरून चालत.

२००५ च्या हंगामात महादेवराव नावाचा शेतकरी एकच मोटर तीन वेळा घेऊन आला. त्याचं गाव बारा किलोमीटरवर, लाइनीच्या अगदी टोकाला. माणूस कमी बोलणारा. मोटर उतरवायची, दुकानासमोरच्या दगडावर बसायचं आणि काम होईपर्यंत तिथून हलायचं नाही, अशी त्याची रीत. तिसऱ्या वेळी रहेमतभाईंनी त्याला सांगितलं की व्होल्टेज कमी असलं तर मोटर चालवू नका, ती तापून जळते. महादेवरावाने मान हलवली. वीज दिवसातून काही तासच येई, तेवढ्यात पाणी दिलं नाही तर बोंडं वाळत. मोटर न चालवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला. लाइनमनकडे पाच गावं, तो दुसरीकडे होता. महादेवराव स्वतः तार घालायला डीपीवर चढला. वरची लाइन बंद आहे असं त्याला वाटलं होतं. ती चालू होती.

तेरवीच्या आधी रहेमतभाई भेटायला गेले. महादेवरावाची बायको पुष्पाबाई ओसरीत बसली होती. मुलगा कुलदीप मोताळ्याच्या मामाला सोडायला फाट्यावर गेला होता. तिने त्यांना पाणी दिलं. मग तिने विचारलं,

"भाई, तुमी मोटर तीनदा भरून देली. ते तीनदा काऊन जळली?"

"व्होल्टेज कमी येते, बाई."

"ते काऊन कमी येते?"

मोटर का जळते हे रहेमतभाईंना ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर त्यांचा धंदा तीस वर्षं चालला होता. त्याच्या मागचा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. घरी येऊन ते बानोला म्हणाले की आज एका बाईसमोर आपण खाली मान घालून बसलो.

महिनाभराने वीज कंपनीची नवी सहायक अभियंता दुकानात आली. नाव प्राची, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. शहरातले कारखाने, दवाखाने, सरकारी इमारती तपासायच्या, वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि मालकांना ती वाचवायला लावायचं, असं काम तिच्याकडे आलं होतं. पण जिनिंगचे मालक तिला फाटकाच्या आत घेत नव्हते. कंपनीचं माणूस आलं म्हणजे मीटरमधली चोरी धरायला आलं, असाच सगळ्यांचा समज. कुणीतरी प्राचीला सांगितलं होतं की खामगावातली प्रत्येक मोटर रहेमतभाईंच्या हाताखालून गेलेली आहे, त्यांच्याबरोबर गेलात तर फाटक उघडेल.

रहेमतभाईंनी आधी एकच गोष्ट विचारली. जिनिंग सुरू झाल्या की खेड्यांतलं व्होल्टेज का पडतं?

प्राचीने तिथल्याच एका कागदाच्या तुकड्यावर रेघा ओढून समजावलं. मोटर कामापुरती वीज घेतेच, शिवाय आतलं चुंबकत्व टिकवून ठेवायला जास्तीचा करंट लाइनीतून ओढते. जिनिंगमध्ये अशा दहा-वीस मोटरी एकदम चालतात. तो सगळा जास्तीचा करंट वाहून नेण्यात लाइन दमते, आणि पुढे टोकाच्या गावाला उरतं ते अर्धवट व्होल्टेज. जिनिंगमध्येच कपॅसिटर बसवले तर हा करंट जागच्या जागी मिळतो आणि लाइन मोकळी होते. "त्यात जुन्या, पुन्हा पुन्हा भरलेल्या मोटरी असल्या की आणखी वाईट," ती बोलून गेली. मग समोर कोण बसलंय हे ध्यानात येऊन थांबली.

रहेमतभाईंनी तिला पुढे बोलायला सांगितलं. तिने सांगितलं की मोटरीचा गाभा पत्र्याच्या पातळ चकत्यांचा असतो आणि प्रत्येक चकतीवर लेप असतो. जाळावर ठेवलं की तो लेप जळतो. मोटर फिरते, पण नुसती तापण्यात वीज घालवते.

ते रागावले नाहीत, पण त्यांनी मानलंही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकाच कंपनीच्या, एकाच ताकदीच्या दोन मोटरी मिळवल्या. एक कधीच न उघडलेली, दुसरी त्यांनी स्वतः चार वेळा भरलेली. दोन्ही काहीही न जोडता नुसत्या फिरवल्या. प्राचीने दिलेला टाँग टेस्टर तारेभोवती धरून त्यांनी करंट पाहिला. त्यांच्या मोटरीचा आकडा बराच जास्त होता. तासाभराने त्यांनी दोन्हींवर हात ठेवला. पहिलीवर हात राहिला, दुसरीवरून लगेच काढावा लागला. मुलगा बिलाल दारात उभा राहून पाहत होता. तो म्हणाला की हे बाहेर कुणाला सांगायची गरज नाही. रहेमतभाईंनी दोन्ही मोटरी बंद केल्या.

सगळ्यात जुनी जिनिंग भगवंतरावांची. रहेमतभाईंना पाहून त्यांनी प्राचीलाही आत घेतलं. अकरा मोटरी होत्या. कपॅसिटरचं भगवंतरावांना पटलं, पण चालत्या मोटरी कशाला बदलायच्या, हे त्यांना कळेना. प्राचीने कागद काढला, तेव्हा रहेमतभाईंनी तिला हाताने थांबवलं.

"भगवंतराव, या अकरांतल्या सात म्या चार-चार वेळा भरल्या. दर वेळी जाळावर ठेवल्या. त्याईच्या आतलं लोखंड म्याच खराब केलं. त्या फिरतात, पण वीज खातात."

भगवंतराव त्यांच्याकडे पाहत राहिले. "हे तुमीच मले सांगून राह्यले? तुमचं काम बंद होईन ना."

"होईन. पण तुमच्या मांगं याच लाइनीवर गावं हायेत. महादेवराव तिथलाच होता."

महादेवरावाचा कापूस दर वर्षी याच जिनिंगमध्ये येत असे. भगवंतराव उठले आणि मशीनकडे निघून गेले. प्राचीला वाटलं, सगळं फिसकटलं. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला की कपॅसिटर बसवा आणि त्या सात मोटरी काढा.

एकाने केल्यावर दुसऱ्यांनी फाटकं उघडली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या लाइनीवरच्या पाचपैकी चार जिनिंग आणि दोन तेल गिरण्यांचं काम झालं. सरकारी दवाखान्यातला पाण्याचा पंप, नगरपालिकेच्या इमारतीतले जुने पंखे, शाळांतले दिवे, प्राची आणि रहेमतभाई सगळीकडे फिरले. रस्त्यावरून ही जोडी जाताना पाहून लोक हसत. रहेमतभाईंनी जाळ कायमचा बंद केला. आता ते तार कापून, गाभा हळूहळू ऊब देत, एकेक वेढा सोडवून काढत. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागत.

२००६ च्या डिसेंबरात, जिनिंग भर जोरात असताना, ते टाँग टेस्टर घेऊन एकटेच महादेवरावाच्या शेतावर गेले. पुष्पाबाई आणि कुलदीप कपाशीला पाणी देत होते. तिच्या मोटरीशेजारच्या खांबावर, लाइनीच्या शेवटच्या खांबावर, त्यांनी टेस्टरच्या वायरी लावून व्होल्टेज पाहिलं. अशा मोटरीला चारशेच्या आसपास व्होल्ट लागतात, आणि आदल्या वर्षी तिथे तीनशेच्या वर काटा जात नसे. आता तीनशे बहात्तर होतं. त्यांनी तिला आकडा दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. मोटर त्या हंगामात एकदाही जळली नव्हती.

पुष्पाबाई बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती.

"हे पाहाले ते पाह्यजे होते," ती म्हणाली.

"मले आधी समजाले पाह्यजे होतं, बाई."

तिने कुलदीपला त्यांच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

दुकानासमोरची रांग हळूहळू ओसरली. जाळाशिवाय भरायला वेळ लागतो म्हणून बरीच गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली, तिथे जाळ चालूच होता. बिलालचं लग्न ठरत होतं. तो वडिलांशी एकदाच सरळ बोलला. या दुकानात दोन घरं चालणार नाहीत, आणि हे तुम्ही स्वतः करून ठेवलं, असं तो म्हणाला. पुढच्या ईदनंतर तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला. सुट्टीला येई, पण दुकानात पाऊल टाकत नसे. बानोने नवऱ्याला कधी दोष दिला नाही. ती इतकंच म्हणाली की तुम्ही खरं बोललात ते चांगलं केलं, फक्त बिलालला आधी सांगायला हवं होतं. हे मात्र रहेमतभाईंना पटलं, आणि लागलंही.

प्राचीची तीन वर्षांनी बदली झाली. तिच्यानंतरच्या साहेबांकडे दुसरी कामं होती, तपासणी थांबली. एका दुष्काळात पुष्पाबाईची विहीर आटली, तेव्हा तिने मोटर उचलून घरी ठेवली आणि रानात सोयाबीन पेरलं. वीज नीट येऊ लागली तेव्हा पाणी गेलं, अशी वेळ त्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांवर आली.

कपॅसिटर कालांतराने बाद होतात, फुगतात, आणि मालकाला ते कळतही नाही. म्हणून रहेमतभाई दर वर्षी हंगामाच्या तोंडावर जिनिंग-जिनिंग फिरू लागले. कंपनीने त्यांना नेमलं नव्हतं, मालकांनी बोलावलं नव्हतं. भगवंतरावांच्या मुलाने जिनिंग विकून तिथे प्लॉट पाडले होते, पण उरलेल्या ठिकाणी ते जात. काही जण आत घेत, काही जण टाळत.

एका वर्षी नव्या मालकाच्या फाटकावर चौकीदाराने त्यांना अडवलं. कुणी पाठवलं, असं विचारलं. रहेमतभाईंनी सांगितलं की कुणी नाही पाठवलं. मग कशाला आले, चौकीदाराने विचारलं. कपॅसिटर पाहायला, ते म्हणाले. चौकीदार हसला आणि साहेब आल्याशिवाय आत सोडता येणार नाही म्हणाला. रहेमतभाईंचे गुडघे तेव्हा दुखू लागले होते. ते फाटकाबाहेरच्या बाकड्यावर बसले. कापसाच्या गाड्या आत जात होत्या. साहेब यायला दीड तास लागला. त्यांनी थोडं ऐकून घेतलं, फारसं लक्ष न देता मान हलवली आणि चौकीदाराला फाटक उघडायला सांगितलं. रहेमतभाई उठले आणि सावकाश आत गेले.