रूथबाईंनी आमेन म्हणणं सोडलं

रूथबाई गेल्याचं मला किन्हवलीच्या आठवडी बाजारात कळलं. सुकटीच्या पाटीसमोर उभा होतो. मुरबाडच्या पाळकसाहेबांचा फोन आला. ते एरवी फार बोलत नाहीत. "भोईर, रूथबाई पहाटे गेल्या," एवढंच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कबरीपाशी प्रार्थना मी करीन, पण त्यांच्यासमोर बोलायला मला कधी धीर नाही झाला... तुम्ही शेजारी उभे राहाल का?" मी हिंदू माणूस, घरी गणपती बसतो. पण पाळकांनी हे मलाच का विचारलं ते मला समजत होतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत होतो. आज लिहायला बसलो आहे, कारण यातली एक गोष्ट माझ्याबद्दलची आहे आणि ती मी अजून घरीही सांगितलेली नाही.

शेणव्याच्या आरोग्य उपकेंद्रात आम्ही सतरा वर्षं बरोबर काढली. त्या नर्स, मी आरोग्य सेवक. मुरबाडच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचा पाडा. लहानपणी वसतिगृहात शिकायला गेल्या, तिथेच ख्रिस्ती झाल्या, आणि पाड्यावरच्या भाऊबंदांनी त्यांना लग्नाकार्याला बोलवणं बंद केलं. नवरा लवकर वारला. दानियल हा एकच मुलगा. गावातल्या बायका त्यांना रुतबाय म्हणत आणि बाळंतपणात त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागू देत नसत. तरी अडल्या वेळेला एखादी म्हातारी बोलून जायचीच, "रुतबाय, तुजा देव लांबचा गो, हाक मारली तर पोचंल का?" त्या हातमोजे चढवता चढवता म्हणायच्या, "पोचतो आजी. तुमी पाय सरळ करा पयले." विश्वास होता त्यांचा, पण मिरवायला ठेवलेला नव्हता. रविवारी किन्हवलीला एसटी बदलून मुरबाडच्या प्रार्थनेला जायचं आणि सोमवारी लसीचा डबा खांद्याला अडकवून पाडे गाठायचे, असं त्यांचं चाललं होतं.

दानियल कसाऱ्याला रुळांच्या कामावर एका कंत्राटदाराकडे होता. चोवीस वर्षांचा, अबोल, पण गळा गोड. एका श्रावणातल्या शनिवारी तो मोटरसायकलवरून मुरबाडला निघाला होता, चर्चच्या गाण्याच्या सरावाला. दुसऱ्या दिवशी काळू नदीवरच्या, पावसात बुडणाऱ्या फरशी पुलापाशी मोटरसायकल आडवी सापडली, अर्धी चिखलात. दानियल सापडला नाही. आठ दिवस गावातली पोरं, पोलीस, मी, सगळे काठाकाठानं फिरलो. रूथबाई पुलावर उभ्या असायच्या. रडत नव्हत्या. कोणी गळ टाकला की तेवढ्या मान फिरवायच्या.

त्याच आठवड्यात मुरबाडला एका बाहेरच्या प्रचारकाची तीन दिवसांची सभा होती. मंडप, ध्वनिक्षेपक, लांबलांबून आलेली माणसं. कोणीतरी रूथबाईंना पुढं नेलं. प्रचारकानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या सभेसमोर सांगितलं की, पुढच्या ईस्टरच्या आधी तुझा मुलगा तुझ्या दारात उभा असेल, हे देवाचं वचन आहे. शास्त्रातली ती विधवेची गोष्ट त्यानं वाचून दाखवली. तिच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी चालली होती, प्रभूनं ती थांबवली आणि मुलाला उठवून आईच्या हाती दिलं. सोमवारी रूथबाई उपकेंद्रात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. उजळला होता म्हणू का? नाही... आवळलेला होता. कोणी हातातलं काढून घेईल म्हणून मूठ आवळावी तसा.

पुढच्या पंधरवड्यात खाली खाडीकडच्या एका गावात प्रेत लागलं. पोलिसांनी बोलावलं. मी रूथबाईंना घेऊन गेलो. तिथे सरकारी दवाखान्याच्या मागे एक खोली होती, बाहेर बाक. त्या बाकावर बसल्या, मांडीवर बायबल. "तुमी जा आत, दादा." मी आत गेलो. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण डाव्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटं एकमेकांना जोडलेली होती. दानियलची जन्मापासून तशीच होती. लहानपणी उपकेंद्राच्या ओट्यावर बसताना तो हा पाय दुसऱ्या पायाखाली घ्यायचा, मी त्याला चिडवायचो म्हणून.

बाहेर आलो. हवालदारानं वही उघडली होती. रूथबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "ओळख पटत नाही."

हवालदारानं त्यांना विचारलं, "मुलाच्या अंगावर काही खूण, व्यंग?"

"नाय," रूथबाई म्हणाल्या. "काय खूण नाय."

त्यांनी त्याला जन्म दिला होता, मी फक्त चिडवलं होतं. पोलिसांनी रक्ताचा नमुना मागितला. जुळवून बघू, म्हणजे शंका राहणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या दंडाला पट्टी बांधून रक्त काढणाऱ्या बाईनं हात पदराखाली घेतला. "माजा पोरगा जिता हाय. मेलेल्यासाठी मी रक्त देणार नाय." अधिकारी समजावत राहिले. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी पोलिसांनी एक हाड आणि दात तपासणीसाठी ठेवून घेतला आणि नियमाप्रमाणे वाट पाहून ते प्रेत बेवारस म्हणून पुरलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. बायबल अजून त्यांच्या मांडीवरच होतं.

पहिला ईस्टर आला. दानियलची खाट घातलेली, धुतलेला शर्ट उशाशी. ईस्टर गेला. प्रचारकाच्या माणसांचा निरोप आला की देवाचं वर्ष आणि माणसाचं वर्ष एक नसतं, उपास वाढवा. त्यांनी उपास वाढवले. पाळकसाहेब दोनदा घरी आले. "बाई, रक्त द्या. आशा ठेवायला देव सांगतो, डोळे मिटायला सांगत नाही." रूथबाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमचा विश्वास नसंल तर तुमी उपदेश कशाला करता?" चर्चच्या मंडळीत दोन तट पडले. काही जण त्यांना श्रद्धेची आई म्हणू लागले, काही जण त्या दिसल्या की पलीकडच्या बाकावर सरकू लागले. गावात वेगळंच. बायका त्यांच्यासमोर आपल्या मोठ्या मुलांची नावं घ्यायच्या बंद झाल्या. दुसरा ईस्टर. तिसरा. उपकेंद्रात मी त्यांच्यासमोर बसून नोंदी लिहायचो आणि रोज वाटायचं, आज सांगावं. रोज संध्याकाळी न सांगता घरी जायचो. मी गप्प राहिलो ते दयेनं की भीतीनं, याचा निकाल मला अजून लागलेला नाही.

तिसऱ्या ईस्टरनंतरच्या मंगळवारी लसीकरण होतं. एका बाईनं बाळ पुढं केलं. रूथबाईंनी त्याचा पाय हातात घेतला आणि सुई न टोचता त्याची बोटं मोजत राहिल्या. बाळ रडेना, बाई गोंधळली. मी लस स्वतः टोचली. सगळे गेल्यावर दार लोटलं आणि म्हणालो, "सिस्टर, त्या खोलीत... बोटं जोडलेली होती."

त्यांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला ठावं होतं दादा," त्या म्हणाल्या. "तुमी भायेर आलात तवाच. तुमचं तोंड बघितलं नं मी. मला वाटलं, तुमी बोललात तर मी हरन. तुमी नाय बोललात... मंग मी तुमच्या आडोशाला बसले तीन वर्सं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी स्वतःच बाही वर केली. अहवाल यायला काही महिने लागले. तो दानियलच होता.

मग आम्ही त्या दफनभूमीत गेलो. रखवालदाराला नक्की जागा सांगता येईना. "या एवढ्यात कुठं तरी," म्हणून त्यानं गवतावरून हात फिरवला. रूथबाईंनी चपला काढल्या आणि त्या कडेपासून या कडेपर्यंत, शेत नांगरावं तसं, ओळीनं ते सगळं गवत चालून काढलं. कुठेतरी एक पाऊल त्याच्यावर पडलं असेल.

तो प्रचारक त्या वर्षी पुन्हा मुरबाडला आला. रूथबाई सभेला गेल्या, मी बरोबर होतो. आजारी माणसांच्या रांगेत त्या शांतपणे उभ्या राहिल्या आणि पाळी आल्यावर अहवालाचा कागद त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचला. त्याला त्या आठवत नव्हत्या, हे मला दिसलं. सावरून म्हणाला, "ताई, देव वचन मोडत नाही. कुठेतरी तुमचा विश्वास कमी पडला."

मंडपात गलका होता, तरी त्यांचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला. "कमी पडला आसता," त्या म्हणाल्या, "तर मी माज्या लेकराला माती दिली आसती."

त्यांना बाजूला करायला दोन स्वयंसेवक आले. त्या आधीच निघाल्या होत्या.

सगळ्यांना वाटलं आता त्या चर्च सोडतील. पाड्यावरून भाऊ येऊन गेला, "परत ये, देव्हारा आपलाच हाय." त्यांनी नकार दिला. रविवारची एसटी चुकवली नाही. पण प्रार्थनेच्या शेवटी सगळे आमेन म्हणत तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले असत. पाळकसाहेबांनी एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आमेन म्हंजे तसंच होवो. कसं म्हणू? मी येते, बसते. बाकी त्यानं बोलायचंय, मी नाय." पाळक मला म्हणाले होते, माझ्या पूर्ण मंडळीत एवढं खरं प्रार्थनेला बसणारं दुसरं कोणी नाही, आणि तिच्यासमोर उपदेश करताना मला घाम फुटतो.

निवृत्तीनंतर यकृताचा आजार निघाला. शेवटचे दोन महिने मी दुपारी जाऊन त्यांना वाचून दाखवायचो. त्यांना एकच पुस्तक हवं असायचं, ईयोबाचं. सगळं गेलेला तो माणूस राखेत बसून देवाला जाब विचारतो. मला ती भाषा जड जायची, अडखळायचो. त्या डोळे मिटून ऐकायच्या, त्याच्या तक्रारीच्या जागी बोट उचलायच्या, म्हणजे परत वाच. एका दुपारी शेवटच्या अध्यायाशी आलो, तर म्हणाल्या, "बस. तो नको. त्यात त्याला दुप्पट गुरं मिळतात, नवी पोरं मिळतात. आदीची पोरं मेली, त्यांचं नाव कोण घेत नाय. नव्या पोरी मात्र नावानिशी." थोडा दम घेऊन म्हणाल्या, "लिवणारा बाप नसंल, दादा."

पाळकांनी कबरीपाशी प्रार्थना केली. मी शेजारी उभा होतो. शेवटी त्यांनी आमेन म्हटलं नाही. नुसते थांबले. लोक चुळबुळले, मग पांगले.

रूथबाईंची खोली रिकामी करायची म्हणून मागच्या रविवारी मी गेलो. खाटेवर चटई गुंडाळून ठेवलेली, खिडकीत औषधांच्या बाटल्या, भिंतीशी बायबल. ईयोबाचा तो शेवटचा अध्याय मी पहिल्यांदाच उघडून वाचला. त्यांचं खरं होतं. तीन नव्या मुलींची नावं दिली आहेत. मेलेल्यांची कुठेच नाहीत. दुसऱ्याच्या पवित्र ग्रंथात लिहावं की लिहू नये, मला ठरवता येईना. मग खिशातलं पेन काढलं आणि समासात, स्वच्छ अक्षरात, हवालदाराच्या वहीत लिहायला सांगायला हवं होतं ते नाव लिहिलं.